मांडावरची फिर्याद : मोडत्या संसाराची कथागीते

'बॅलड' या इंग्रजी शब्दासाठी आपण पुष्कळदा 'पोवाडा' हा शब्द वापरतो. परीक्षेपुरते ते चालून जाते. पण त्यातून एक घोटाळा होतो. पोवाड्यात वीराची कीर्ती असते आणि शाहीर तो सभेत गातो. बॅलडचा मोठा भाग मात्र घरातल्या गोष्टींचा असतो. फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने १८८२ ते १८९८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ बॅलड्स संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांत लढायांबरोबरच फसवणूक आहे, सासूचे कपट आहे, मोडलेले संसार आहेत. अशा गीताचा मराठी जोडीदार शोधायचा तर शाहिराचा डफ सोडून बायकांच्या गाण्यांकडे वळले पाहिजे. गोव्यातील पेडणे व डिचोली या तालुक्यांच्या आधाराने तो विचार मी येथे मांडणार आहे.

हे दोन्ही तालुके पोर्तुगीजांच्या 'नव्या काबिजादी'तले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते त्यांच्या ताब्यात गेले. पेडण्याची शीव सावंतवाडीला लागून. त्यामुळे इथल्या स्त्रीगीतांत मराठी व कोकणी इतक्या मिसळलेल्या आढळतात की एका चरणात दोन्ही भाषा याव्यात. चवथीच्या दिवसांत फुगडी, पौषात धालो, आणि एके काळी पहाटेच्या जात्यावर ओवी, असा गाण्याचा वर्षक्रम होता.

धालोची रचना नीट पाहावी. गावाच्या मांडावर रात्री बायका दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग चरण म्हणते, दुसरी तो उचलते. ज्या गाण्याला असे दोन गळे मिळतात, त्यात सवाल-जबाब सहज रुजतो. सून विचारते, सासू उत्तर देते. बहीण विचारते, भाऊ उत्तर देतो. निवेदक जवळजवळ नसतोच. बॅलडचे पहिले लक्षण सांगतात ते हेच.

दुसरे लक्षण म्हणजे क्रमाने वाढणारी पुनरावृत्ती. महाराष्ट्रातील भोंडल्याचे कारल्याच्या वेलाचे गाणे सर्वांना ठाऊक आहे. सुनेला माहेरी जायचे आहे. सासू सांगते, आधी बी पेर. मग कोंब, मग वेल, मग फूल, मग कारले, मग भाजी. प्रत्येक वेळी चरण तोच, बदलतो एकच शब्द. विद्यार्थी याला बालिश पाल्हाळ समजतात. वास्तविक त्या एकेका शब्दात दिवस, आठवडे, महिने सरतात. छळ झाला असे गाणे कुठेच म्हणत नाही. ते ऐकणाऱ्याला वाट पाहायला लावते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, ती नवऱ्याच्या मौनाची. परवानगीचा प्रश्न सासूकडून सासऱ्याकडे, दिराकडे, नणंदेकडे फिरत राहतो. नवरा बोलतच नाही. काही पाठांत तो शेवटी येतो तो काठी घेऊनच. संसार मोडला तो कुठल्या भांडणाने, हे गाण्यात सापडत नाही; ज्याने बोलायचे तो बोलला नाही, एवढेच कळते. माझ्या मते या गीतांचे मर्म इथे आहे.

फुगडीतील सवतीकडेही याच दृष्टीने पाहावे. ती केवळ कल्पनेतली खलनायिका नाही. गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांविषयी पोर्तुगीज सरकारने १८८० मध्ये काढलेल्या हुकूमनाम्यात, पत्नीला २५ वर्षांपर्यंत मूल झाले नाही, किंवा ३० वर्षांची होऊनही मुलगा झाला नाही, तर काही अटींवर पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा होती. म्हणजे गाणाऱ्या बाईला वाटणारी सवतीची भीती सरकारी कागदावरही लिहिलेली होती.

त्याच पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर ३ नोव्हेंबर १९१० रोजी घटस्फोटाचा कायदा झाला आणि तो गोव्यालाही लागू झाला. उर्वरित भारतातील हिंदूंसाठी देशव्यापी कायद्याने ही सोय १९५५ साली केली. पण कोर्टाला कारण लागते, पुरावा लागतो, पैसा लागतो. मांडावर यांपैकी काही लागत नाही. तिथे फिर्याद एकीची असते आणि म्हणतात ती सगळ्या मिळून. म्हणून ती कुणा एकीच्या अंगावर येत नाही. 'मी नव्हे बाई, गाणेच तसे आहे,' असे म्हणायची सोय राहते.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना 'केरेगे हार' हे कथागीत आठवेल. तळ्याला पाणी लागत नाही म्हणून घरची मंडळी धाकटी सून भागीरथी हिचा बळी देतात; परतलेला नवरा त्याच तळ्यात उडी घेतो. इथे नवरा-बायकोत बिघाड नाही, संसार घराने बुडवला. मराठी गीतातला नवरा घरात असून नसल्यासारखा. कन्नड गीतातला दूर असूनही तिचाच. ही दोन्ही गीते वर्गात शेजारी शेजारी ठेवून शिकवावीत असे मला वाटते.

जाते गेले तशी त्याच्याबरोबरची ओवीही पुष्कळ गेली. धालो-फुगडी आज रंगमंचावर आणि स्पर्धांत दिसतात. पण तिथे ठेका आणि लुगड्यांचे रंग टिकतात, फिर्याद गळते. ज्या विद्यार्थ्यांची आजी अजून गाते, त्यांनी तिच्याकडून शब्द उतरवून घ्यावेत. ती कुठे थांबते आणि कुठला चरण पुरुषांसमोर म्हणत नाही, हेही टिपून ठेवावे. कोर्टाच्या दप्तरात संसार मोडल्याची तारीख मिळेल; तो कसा मोडत गेला, हे मात्र तिच्याकडूनच कळेल.