मृगाच्या आत उठणारी वस्ती

लालबागची भाची आणि गिरगावातला मामा. मामाने उमेदीची वर्षं शाळकरी मुलांची समुद्रकाठची शिबिरं भरवण्यात घालवली. भाचीला नाताळच्या सुटीत घरच्यांना घेऊन किनाऱ्यावरच्या तंबूत राहायचं आहे.

भाची : मामा, नागावजवळचा एक कॅम्प बघून ठेवलाय. स्विस टेंट आहेत. आत पलंग, एसी, मागे बाथरूम आणि बाहेर स्विमिंग पूल. पैसे भरायच्या आधी म्हटलं तुला विचारावं.

मामा : तंबूत काय काय आहे ते कळलं. तंबू उभा कशावर आहे?

भाची : वाळूवरच असणार ना?

मामा : तेच आधी विचार. खाली सिमेंटचा कोबा ओतला असेल, तर ती कापडी भिंतींची पक्की खोली झाली. किनाऱ्यावरचा तंबू मृग लागायच्या आत उचलता आला पाहिजे, आणि उचलल्यावर जागा होती तशी राहिली पाहिजे. हे मी नवं काही सांगत नाही. आपल्याच शहरात ही रीत होती.

भाची : मुंबईत? समुद्रावर तंबू?

मामा : आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हा सगळा एकेकाळी एस्प्लनेडचा सलग पट्टा होता. किल्ल्यावरच्या तोफांसमोर आडोसा नको म्हणून लष्कराने तो मोकळा ठेवला होता. समुद्र तेव्हा चर्चगेट-मरीन लाइन्सच्या आजच्या रुळांच्या आसपासपर्यंत यायचा. पुढची जमीन भर घालून नंतर झाली. किल्ल्यातली घरं दाटीची, उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा. मग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोरी मंडळी उन्हाळा लागला की या मैदानावर तंबू ठोकत, बांबू आणि चटयांचे बंगले उभारत, पुढे फुलझाडंसुद्धा लावत. मेरिअ‍ॅन पोस्टन्स या इंग्रज बाईंनी 1838च्या मुंबईचं वर्णन केलंय, त्यात हे तात्पुरते बंगले आहेत. पावसाळा तोंडावर आला की सगळं मोडून मैदान रिकामं करायचं.

भाची : म्हणजे चैनीचा कॅम्पच की!

मामा : चैन होतीच, नोकरचाकरांच्या जिवावर. ती मला हवीशी वाटत नाही. पण पावसाआधी जागा सोडायची शिस्त आपण उचलावी अशी आहे. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा दिवेआगर, श्रीवर्धनकडे सुरूची केवढी झाडं आडवी झाली! वाळूतल्या सुरूची मुळं फार खोल जात नाहीत. सावलीसाठी सुरूखाली तंबू छानच, पण वाऱ्याच्या दिवसांत तिथे कुणी झोपता कामा नये.

भाची : आणि पूलचं काय? मुलांना तोच हवाय.

मामा : नागावच्या वाड्या बघितल्यास ना, नारळी-पोफळीच्या? त्या विहिरींवर जगतात. किनाऱ्यालगतच्या जमिनीत पावसाचं गोड पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी सापडतं. आता पंप लावून वरची पातळी एक मीटरने उतरवली, तर खालचं खारं पाणी चाळीस मीटर वर चढू बघतं. एकदा मचूळ झालेली विहीर गोड व्हायला कित्येक पावसाळे जातात. तू दोन दिवस डुंबून लालबागला परत येशील. पोफळी त्याच पाण्यावर राहणार. म्हणून कॅम्पवाल्याला विचार, पाणी कुठलं, आणि संडासाचं पाणी जातं कुठे. शोषखड्डा विहिरीच्या जवळ असेल तर तिथे राहू नकोस.

भाची : एसी तरी?

मामा : डिसेंबरात कशाला? दिवसा समुद्रावरून खारे वारे, रात्री जमिनीवरून मतलई वारे. तंबूला दोन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या असल्या की झालं. दव मात्र सपाटून पडतं, म्हणून वर दुसरं छत हवं. वाळूत साधा खुंटा धरत नाही. दोर बांधलेली वाळूची पिशवी आडवी पुरायची. आणि दिवे मोजके आणि मंद असू देत. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात. वेळासचं नाव ऐकलंयस ना? सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी तिथे घरटी राखली, आणि लोक पिल्लं बघायला गावातल्या घरांत राहतात. पिल्लं उजेडाकडे वळतात. किनाऱ्यावर झगझगाट असला की समुद्राऐवजी गावाकडे चालू लागतात.

भाची : तंबू पाण्यापासून किती लांब असावा? फोटोत तर लाटा दारात आहेत.

मामा : फोटो ओहोटीचा असेल तर भरतीला त्या दारात नाही, घरात येतील. 1991च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामाला मनाई आली. 2019मध्ये दाट वस्तीच्या गावांत ती 50 मीटरवर आणली. मला ते पटलेलं नाही. तू स्वतः वाळूवर बघ. शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची वरची रेघ असते ना, ती उधाणाची. तंबू तिच्या बराच मागे हवा.

भाची : उधाण कधी ते कसं कळणार?

मामा : तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. थोडंफार इकडेतिकडे होतं, आणि साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी बेताचं चढतं. मुलांना घेऊन जायचं तर भांगाचे दिवस धर. पाण्यात मात्र ओहोटी लागल्यावर कुणाला उतरू देऊ नकोस. काशीदसारख्या उतरत्या किनाऱ्यावर ओढ फार असते आणि तिथे माणसं बुडाली आहेत. बोर्डीला किनारा सपाट, ओहोटीला पाणी लांबवर मागे सरतं. लहानग्यांना मी तिकडेच नेत असे.

भाची : बोर्डीला जायचं कसं?

मामा : दादरहून डहाणू लोकल, पुढे घोलवडकडे. चिकूच्या वाड्या लागतात. नागावच हवं असेल तर तुम्हा लालबागकरांना भाऊचा धक्का हाकेवर. मार्च 2020पासून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट. शिवडीहून अटल सेतूही आहे.

भाची : मग त्या नागाववाल्याला नेमकं काय विचारू?

मामा : पावसाळ्यात तंबू कुठे असतात, एवढंच आधी विचार. "गोदामात" म्हणाला तर पाण्याचं, संडासाचं पुढे बोल. "इथेच, बारा महिने चालू" म्हणाला तर बोर्डीचं बघू.