गोसेखुर्द जलाशयावरील लाटा आणि नावेची सुरक्षितता

प्रश्न : गोसेखुर्दच्या जलाशयात अचानक वारा सुटल्यास डोंग्यातील माणसांनी काय करावे? नदीपेक्षा तेथे लाटा मोठ्या का उठतात?

उत्तर : लाटेची उंची वाऱ्याचा वेग, त्याचा कालावधी आणि ‘धाव’, म्हणजे वाऱ्याला पाण्यावर अडथळ्याविना मिळणारे अंतर, यांवर अवलंबून असते. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या आणि १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणामागे पाणी दूरवर पसरल्याने नदीच्या अरुंद पात्रात न मिळणारी धाव येथे मिळते. शिवाय उथळ भागात लाटा आखूड व उभ्या होतात आणि त्या कमी काठाच्या डोंग्यात सहज पाणी भरतात.

अशा वेळी नाव लाटांना आडवी होऊ न देता तिचे नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटांकडे किंचित तिरके ठेवावे, वेग कमी करावा, सर्वांनी तळाशी बसून गुरुत्वमध्य खाली आणावा आणि आत आलेले पाणी सतत उपसावे. बुडालेल्या झाडांचे बुंधे टाळून जवळच्या आडोशाच्या काठाकडे जावे. नाव उलटलीच, तर पोहत काठ गाठण्याचा मोह टाळून तिलाच धरून राहावे, कारण उलटलेली लाकडी नाव बहुधा तरंगत राहते आणि शोधणाऱ्यांना ती लवकर दिसते.

तथापि, मे-जूनमधील वळवाचे ढग दाटताच पाण्यात न उतरणे आणि जीवरक्षक जाकीट आधीच अंगावर चढवणे हेच खरे संरक्षण होय. कोणतीही मासळी माणसाच्या जिवापेक्षा मोलाची नाही.