सायलेन्सरला पट्टी गुंडाळावी का?

प्रश्न : झाशीच्या उन्हाळ्यात बुलेटच्या पाइपाची झळ पोटरीला असह्य होते. मेकॅनिक म्हणतो, पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा, पिकअपही वाढेल. खरं का? – एक वाचक, झाशी

उत्तर : पिकअपचं विसरा. पट्टीमुळे पाइपातला वायू गरम राहतो आणि वेगाने बाहेर पडतो, हे खरं. पण त्याचा उपयोग रेसच्या किंवा टर्बो इंजिनांना. कारमध्ये बॉनेटखालची धग कमी होते, हाही फायदाच. बुलेटचं इंजिन मुळात उघड्या वाऱ्यावर असतं, तिथे फरक कळणारही नाही.

झळ मात्र कमी लागेल. पण पावसाळ्यात पट्टी पाणी धरून ठेवते आणि आतला साध्या पोलादाचा पाइप गंजून त्याची चाळण होते, तीही वरून न दिसता. इंजिनातून ऑइल पाझरत असेल तर ते पट्टीत मुरून पेट घेऊ शकतं. त्यापेक्षा हीट शील्ड बसवा. पाइप नेहमीपेक्षा जास्त तापतोय असं वाटलं, तर आधी पेट्रोल-हवेचं मिश्रण तपासून घ्या. पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतंच.

तरीही गुंडाळायचीच असेल, तर हातमोजे घाला. पट्टीतल्या काचतंतूंची खाज सहजी जात नाही.