धोक्याची घंटा : बसवून भागत नाही



आसवनीत गॅसची व आगीची घंटा बसवली, खर्च झाला, आणि ती तर एकदाही वाजली नाही. मग पैसा पाण्यात गेला का, असे काही सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. गप्प घंटा दोन तऱ्हेची असते. एक धोका नाही म्हणून गप्प, दुसरी बिघडली म्हणून गप्प. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

आधी गॅस कोणता ते पाहू. आसवनीत अल्कोहोलची वाफ असते. हवेच्या शंभर भागांत ती सुमारे ३.३ भाग झाली की एका ठिणगीने पेटते. घंटा त्याच्या कितीतरी आधी वाजली पाहिजे. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गटारात, खड्ड्यात पसरते. तिचा सेन्सर जमिनीलगत हवा. स्पेंटवॉशपासून होणाऱ्या बायोगॅसमधला मिथेन मात्र हलका, तो छपराखाली साठतो. त्याचा सेन्सर वर हवा. त्याच बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हंजे गॅस गेला, असं समजून टाकीत उतरलेला माणूस परत वर येत नाही. त्याला काढायला उतरलेलाही जातो.

आता चाचणी. ठेकेदाराचा माणूस पॅनेलवरचे बटण दाबतो, घंटा वाजते, चहा होतो, कागदावर सही होते. एवढ्याने घंटा चालते हे कळले; सेन्सरला गॅस कळतो का, हे कुठे कळले? त्यासाठी ठराविक प्रमाणाचा गॅस भरलेले लहान सिलिंडर आणून प्रत्येक सेन्सरच्या तोंडाशी गॅस सोडावा लागतो. आकडा किती चढला, किती सेकंदांत चढला, पॅनेलवर जागा बरोबर दाखवली का, लांबचा भोंगा वाजला का, हे सारे वहीत लिहायचे. आम्ही असे केले तेव्हा धूर दाखवला गोदामात आणि पॅनेलवर दिवा लागला पॉवर हाऊसचा! वायरी उलटसुलट जोडल्या होत्या. खरी आग लागती तर माणसे भलतीकडेच धावली असती.

मग वीज तोडून बॅटरीवर बघायचे. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी लवकर दम सोडते, म्हणून हे दरवर्षी करावे लागते. काही सेन्सरना सिलिकॉनच्या ग्रीसची वा स्प्रेची बाधा होते. मग गॅस असला तरी आकडा शून्यच. बगॅसच्या भुशाने याच्या उलट होते. धुराची घंटा उगीच वाजते, कामगार कंटाळतात, कोणीतरी ती बंद करतो, आणि पुन्हा चालू करायची राहून जाते.

सर्वांत नाजूक काळ गळिताचा नव्हे, दुरुस्तीचा. कारखाना बंद, मग भीती कसली, असे वाटते. पण टाक्यांत उरलेला गॅस हंगाम पाहत नाही, आणि वेल्डिंग याच दिवसांत चालते. १ ऑगस्ट २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील बेला येथे साखर कारखान्यात बायोगॅसच्या ठिकाणी वेल्डिंग चालू असताना स्फोट झाला. पाच कामगार दगावले. म्हणून हातातल्या मीटरने गॅस मोजल्याशिवाय आणि लेखी परवाना मिळाल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडता कामा नये, मग काम एक दिवस लांबले तरी चालेल. बॉयलर अग्निप्रदीपनाआधी सगळी घंटा पुन्हा तपासायची, हेही ओघाने आलेच.

आणखी एक. भोपाळला डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री लोकांना सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. आपल्याकडे पाळीचा भोंगा रोजच वाजतो, त्यामुळे धोक्याचा भोंगा वेगळा ओळखू आला पाहिजे. पाळीचा एकच लांब. धोक्याचा तुटक तुटक, न थांबता. तो ऐकला की वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे पळू नका, वाऱ्याला आडवे निघा. गाडीतळावरच्या गाडीवानांनी चुली आधी विझवाव्यात.

हंगामापूर्वीच्या चाचणीचा दिवस वजनकाट्याजवळच्या फळ्यावर लिहिला जाईल. त्या दिवशी ज्या वस्तीवर भोंगा ऐकू येणार नाही, तेथील सभासदांनी गट ऑफिसात तसे कळवावे.