इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवावा का?

प्रश्न : माझ्या बीएस-६ मोटारसायकलचं फ्युएल इंजेक्शन वारंवार बिघडतं. कार्बोरेटर बसवून घेऊ का?

उत्तर : नको. इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल मोजतो, तशी ठिणगीची वेळही ठरवतो. म्हणून कार्बोरेटरसोबत वेगळी इग्निशन यंत्रणाही बसवावी लागते. ऑक्सिजन सेन्सरचं नियंत्रण गेल्यावर मिश्रणात पेट्रोल जास्त झालं, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. शिवाय उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. कार्बोरेटर गावातही दुरुस्त होतो, हे खरंच. पण असे फेरफार केलेली गाडी पुढे कुठल्याच मेकॅनिकला नीट उमगत नाही. त्यापेक्षा स्कॅनरवर फॉल्ट कोड वाचून घ्या, बॅटरी, वायरिंगचे कनेक्टर आणि पेट्रोलचा दाब तपासा. अनेकदा दोष तिथेच सापडतो आणि थोडक्यात निभावतं.