झटका ओसरला, गोळ्या का थांबल्या?

आम्ही बँकेत काम करतो. पेन्शनच्या दिवशी खिडकीशी येणाऱ्या वडीलधाऱ्यांची प्रकृती विचारली, की एक उत्तर हमखास मिळते, "आता बरं आहे, गोळ्या सोडल्या." हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला माणूसही असे म्हणतो, तेव्हा काळजी वाटते. रुग्णालयातून आल्यावर महिनाभर वेळ पाहून गोळ्या घेतल्या जातात. मग भीती ओसरते आणि डबी कोपऱ्यात जाते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ६६ वर्षे व त्यावरील रुग्णांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तीव्र हृदयविकारानंतर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्केच दोन वर्षे ते नियमित घेत राहिले. केवळ प्रतिबंध म्हणून घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. म्हणजे रुग्णालयातील अनुभव माणसाला शिस्त लावतो, पण ती पुरेशी टिकत नाही. तेथे वृद्धांच्या औषधांचा बहुतेक खर्च सरकार उचलते. तेव्हा सारा दोष पैशालाही देता येत नाही.

मग कारण काय? डोकेदुखीच्या गोळीचा गुण लगेच कळतो. ॲस्पिरिन रक्ताची गुठळी होण्यास अटकाव करते, स्टॅटिन पुढचा झटका टाळण्यास मदत करते. त्यांचे यश म्हणजे काहीही न घडणे! ते डोळ्यांना दिसत नाही. परंतु स्टेंट बसविलेल्या रुग्णाने गुठळीविरोधी गोळ्या मनानेच बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जिवावर बेतू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम आहे. रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद वाचून सकाळ-रात्रीच्या गोळ्या आजी-आजोबांना नीट समजावून द्या. जुन्या व नव्या गोळ्यांत एकच औषध दोन नावांनी तर नाही ना, हे डॉक्टरांना विचारा. स्नायू दुखले, पोट बिघडले, तर औषध परस्पर सोडू देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पट्टी संपण्याच्या आठवडाभर आधी नवी आणा. खर्च झेपत नसेल, तर जनऔषधी केंद्रातील स्वस्त जेनेरिक औषध चालेल का, तेही विचारा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी काबाडकष्ट करून आपल्याला अक्षरे शिकविली. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी आपण वाचली नाही, तर ते शिक्षण कशासाठी?