घटक ६ : टाकणे, बसणे, नांदणे – विवाह मोडल्यानंतरचे ग्रामीण जीवन आणि मराठी भाषा

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• विवाह मोडण्याशी संबंधित मराठी शब्दांची व्युत्पत्ती व अर्थच्छटा सांगता येतील.
• या शब्दांच्या व्याकरणात कर्ता कोण आणि कर्म कोण, हे ओळखता येईल.
• ग्रामीण स्त्रीच्या पुनर्वसनाचा आणि भाषेचा संबंध उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण नातेवाचक शब्दांचा विचार केला. नाते जुळते तेव्हा भाषा त्याला नाव देते. नाते तुटते तेव्हाही ती गप्प राहत नाही. विवाह मोडून स्त्री गावी परतते तेव्हा तिच्या हाती न्यायालयाचा कागद असतोच असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील विभक्त राहणाऱ्या व्यक्तींची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहून अधिक आढळते. म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत विवाह व्यवहारात संपलेला असतो, पण कायद्याने संपलेला नसतो. अशा वेळी त्या स्त्रीची ओळख गावाच्या तोंडी असलेल्या शब्दावर ठरते. तो शब्द कोणता, त्यात तिला कोणते स्थान मिळते आणि नवे आयुष्य उभारताना तो कोठे आडवा येतो, हे प्रस्तुत घटकात पाहावयाचे आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ विवाह मोडण्याचे शब्द

मराठीत यासाठी अनेक शब्द आहेत. 'काडीमोड' हा देशी शब्द काडी मोडून संबंध संपल्याचे जाहीर करण्याच्या रूढीतून आला. 'सोडचिठ्ठी' हा लेखी कागद. 'फारकत' किंवा 'फारखत' हा अरबी-फारसी मार्गाने आलेला शब्द मुळात मुक्ततेचा दस्तऐवज दर्शवितो. तो देण्याघेण्याच्या व्यवहारातही वापरला जात असे. 'घटस्फोट' या संस्कृत शब्दाचा इतिहास मात्र वेगळा आहे. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या व्यक्तीला कुळाबाहेर काढताना पाण्याचा घट उपडा करण्याचा किंवा फोडण्याचा विधी असे, तो घटस्फोट. जिवंत माणसाशी मृतासारखा व्यवहार करण्याचा हा विधी होता. आज हाच शब्द कायदेशीर विवाहविच्छेदासाठी रूढ आहे.

रूढीचे शब्द केवळ जुने अवशेष आहेत, असे समजू नये. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९ ने रूढीने मान्य असलेला विवाहविच्छेदाचा हक्क अबाधित ठेवला आहे. ज्या समाजांत काडीमोड होती, त्यांत 'पाट' अथवा 'म्होतूर' या नावाने स्त्रीचा पुनर्विवाहही होता. तो मान्य असला तरी पहिल्या लग्नाची प्रतिष्ठा त्याला नव्हती, आणि म्हणूनच त्याला 'लग्न' न म्हणता निराळे नाव दिले गेले.

६.३.२ स्त्रीला मिळणारी नावे

आता पुढील वाक्य पाहा :

नवऱ्याने बायको टाकली.

हा कर्मणी प्रयोग आहे. कर्ता नवरा, कर्म बायको; क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. यातूनच 'टाकलेली' हे धातुसाधित विशेषण तयार होते आणि पुढे नाम म्हणून वापरले जाते. सुशिक्षित मराठीने हा शब्द कठोर मानून 'परित्यक्ता' हा संस्कृत शब्द स्वीकारला. पण 'परि + त्यज्' या धातूचे हे रूपही कर्मणी भूतकाळवाचकच आहे. शब्द सौम्य झाला, व्याकरण तेच राहिले. दोन्ही शब्दांत स्त्रीवर कोणी तरी काही तरी केले आहे; तिने काय केले, हे त्यात नाही. छळ सोसण्यापेक्षा स्वतःहून बाहेर पडलेल्या स्त्रीलाही गाव 'टाकलेली'च म्हणते. उलट, 'टाकलेला' किंवा 'परित्यक्त' अशी पुरुषाची सामाजिक ओळख मराठीत रूढ नाही.

दुसरा प्रयोग आहे : 'लेक माहेरी येऊन बसली.' येथे स्त्री कर्ती आहे, पण क्रिया 'बसणे' ही आहे. वस्तुतः तीच लेक पहाटे उठून घरचे आवरते, दिवसभर खुरपणी किंवा कापूस वेचणी करते आणि संध्याकाळी भावाच्या मुलांना जेवू घालते. दिवसभराचे हे सारे काम 'बसणे' या एका क्रियापदाने अदृश्य होते.

अलीकडे 'एकल महिला' हा शब्द पुढे आला असून मराठवाड्यात या नावाने स्त्रियांचे संघटनही उभे राहिले आहे. 'एकल' हे स्थितिदर्शक विशेषण आहे. त्यात टाकणारा कोणी नाही. विधवा, विभक्त, घटस्फोटित, अविवाहित या साऱ्यांना ते सामावून घेते.

६.३.३ 'कोयता' : अंकुशनगर परिसरातील एक उदाहरण

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे सहकारी साखर कारखान्यामुळे नाव मिळालेले ठिकाण आहे. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम जवळ आला की अशा कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात व कोप्या उभ्या राहतात. या व्यवसायाच्या बोलीत 'कोयता' म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. काव्यशास्त्रात आपण अभ्यासलेल्या लक्षणेचे हे जिवंत उदाहरण होय. मुकादम 'उचल' देतो ती कोयत्यामागे. तोडणीचा हिशेब होतो तोही कोयत्याचाच. साधारणतः पुरुष ऊस तोडतो, स्त्री पाचट काढून मोळ्या बांधते व वाहते. मजुरी मात्र जोडीची असल्याने तिच्या कामाचा वेगळा आकडा सहसा कोठे लिहिला जात नाही.

एकट्या मजुराला 'अर्धा कोयता' म्हणतात. लग्न मोडले की स्त्रीचे घर जाते, त्याबरोबर तिची कामातील पूर्ण ओळखही जाते. पुन्हा तोडीला जायचे तर भाऊ, वडील किंवा हाताशी आलेला मुलगा यांच्यापैकी कोणाबरोबर तरी तिला जोडी जमवावी लागते. लग्न हा येथे केवळ भावनेचा बंध नसून श्रमाचे एकक आहे, हे या एका शब्दातून कळते. म्हणूनच खेड्यात नवे आयुष्य उभारण्याचा पहिला प्रश्न 'पुन्हा लग्न करायचे का' हा नसतो. 'माझी मजुरी माझ्या नावावर कशी येईल' हा असतो. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट, बचत गटातील तिचे खाते, स्वतःच्या चार शेळ्या यांचे मोल या दृष्टीने समजून घ्यावे.

६.३.४ कागदावरचे नाव

गावात नाव तोंडी असते, कार्यालयात ते लेखी लागते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार शिधापत्रिकेवर घरातील १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते; परंतु माहेरी परतलेल्या स्त्रीचे नाव स्वतंत्र पत्रिकेवर येण्याआधी सासरच्या पत्रिकेतून कमी व्हावे लागते. पोटगीचा हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने दिला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये तो आहे. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही त्यात येते. २०२४ च्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार असे शब्द क्रमाने आले आहेत. म्हणजे जो शब्द गावात खाली पाहायला लावतो, तोच कागदावर हक्काचे दार उघडतो. ही विसंगती आपण ध्यानात घ्यावी.

याहून महत्त्वाचा कागद जमिनीचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद मानले, परंतु त्याआधी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलगी विवाहित असो वा नसो, तिला मुलासमान हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही अनेक बहिणी साडीचोळीचा मान आणि माहेरची वाट टिकावी म्हणून 'हक्कसोडपत्र' करून देतात. येथे एक भाषिक योगायोग लक्षणीय आहे. ज्या स्त्रीला पुढे 'सोडलेली' म्हटले जाते, ती ज्या कागदावर 'सोडणे' या क्रियेची कर्ती ठरते, तो कागद हक्कसोडपत्राचा असतो. लग्न मोडून ती परतते तेव्हा माहेरच्या सातबाऱ्यावर तिचे नाव उरलेले नसते आणि हक्काचे घर आश्रयाचे घर बनते.

६.३.५ 'नांदणे'

'नांदणे' हे क्रियापद संस्कृत 'नन्द्' म्हणजे आनंदणे या धातूपासून आले. स्त्री सासरी 'नांदते'. नवरा तिला 'नांदवतो' किंवा 'नांदवत नाही'. प्रयोजक रूपात कर्तेपण पुन्हा पुरुषाकडे जाते. 'ती नांदली नाही' या वाक्यात दोष तिच्यावर येतो आणि 'त्याने नांदवले नाही' हे न बोललेले राहते. मात्र मराठीत नांदणे केवळ सासरशी बांधलेले नाही. गाव नांदते, घर नांदते, सुख नांदते. स्वतःच्या कमाईच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत मुलांसह राहणाऱ्या स्त्रीबद्दल 'ती इथे नांदते आहे' असे म्हणण्यास व्याकरणाची कोणतीही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती रूढीची.

१९८८ मध्ये संगमनेर येथे समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरविली. या चळवळीतील कार्यकर्त्या अॅड. निशा शिवूरकर यांच्या पुस्तकाचे नाव 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' असे आहे. 'टाकलेल्या' हे कर्मणी विशेषण तसेच ठेवून या शीर्षकाने लढा त्याच स्त्रियांचा आहे असे म्हटले. शब्द न बदलताही कर्तेपण परत घेता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

१. 'घटस्फोट' या शब्दाचा मूळ अर्थ सांगा.
२. 'टाकलेली' व 'परित्यक्ता' या शब्दांत व्याकरणदृष्ट्या कोणते साम्य आहे?
३. ऊसतोडीच्या बोलीत 'कोयता' आणि 'अर्धा कोयता' म्हणजे काय?

६.४ समारोप

विवाह मोडल्यानंतरचे ग्रामीण पुनर्वसन दोन पातळ्यांवर घडते. मजुरी, शिधापत्रिका, सातबारा यांवर स्त्रीचे नाव येणे ही एक पातळी. वाक्यात तिने कर्त्याच्या जागी येणे ही दुसरी. नुसता शब्द सौम्य केल्याने जमीन मिळत नाही, हे खरे. परंतु जिला आपण सतत 'बसलेली' म्हणतो, तिची मजुरी वेगळी लिहावी असे आपल्या मनात येणेही कठीण असते.

६.५ स्वाध्याय

१. आपल्या परिसरात विवाह मोडण्यासाठी व त्यानंतर स्त्रीसाठी वापरले जाणारे पाच शब्द वा वाक्प्रयोग नोंदवा. प्रत्येकातील कर्ता व कर्म सांगा. कोणाचेही नाव लिहू नये.
२. 'हक्कसोडपत्र' आणि 'सोडचिठ्ठी' या शब्दांतील 'सोडणे' या क्रियेची सामाजिक तुलना करा. (सुमारे २०० शब्द)
३. आपल्या भागातील एखाद्या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीला एकक मानणारा शब्द आहे का, ते शोधून त्याचे विवेचन करा.